शिंपी गप्प बसतो

मी शिंपी. माप घेता घेता गिऱ्हाइकाच्या तीन पिढ्यांची चौकशी करणारा. अशा माणसाला त्याचा वकील मावसभाऊ कोठडीच्या गजांमधून सांगतो, "दादा, सुनावणीपर्यंत तोंडातून अवाक्षर काढू नकोस. काढलंस तर घर विसर." गुन्हा काय, तर ज्या बंगल्यात मी पडद्यांची मापं घ्यायला गेलो, तिथला हार माझ्या मशीनच्या खणात सापडला. तो तिथे कसा आला, देव जाणे.

"गप्प राहण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे," ठाण्याचे साहेब अदबीने म्हणाले. कायद्याचा एवढा मान राखणारा माणूस मी पाहिला नव्हता. त्याच दुपारी त्यांनी माझ्या कोठडीत एक चोर आणून सोडला. चोराच्या शर्टाला कडक इस्त्री होती आणि बाहेर साहेबांचा आवाज आला की तो ताडकन उभा राहायचा.

"कशात अडकलास, भाऊ?"

मी गप्प.

"बोललं की मन हलकं होतं."

जीभ अशी वळवळत होती, की शेवटी मी सदऱ्याचं टोक दातांत धरलं.

मग बिचाऱ्याने ठरवलं, आधी आपणच मन मोकळं करावं. पण जन्मभर पोलिसात सरळ नोकरी केलेला माणूस, गुन्हा आणणार कुठून? जवळून पाहिलेला एकच होता, तोच त्याने उचलला.

"साहेबांना हार बागेत... म्हणजे मला. मला हार बंगल्याच्या बागेतच सापडला. पण चोर मिळाल्याशिवाय बढती कशी मिळणार? मग साहेब म्हणाले... मी म्हणालो, तो शिंपी येऊन गेलाय ना, टाका त्याच्या मशीनच्या खणात."

एवढं सांगून तो माझ्याकडे आशेने पाहू लागला. मला रागाने रडू फुटलं. त्या खणात माझ्या लेकीच्या फ्रॉकची बटणं होती. तरी तोंड उघडलं नाही.

पाण्याच्या पिंपामागे लपवलेल्या यंत्रातलं रेकॉर्डिंग साहेबांनी न ऐकताच कोर्टात दिलं. आतून बोलण्याचा आवाज येत होता, एवढ्यावरच ते खूश होते. न्यायाधीशबाईंनी ते सगळ्यांसमोर लावलं आणि संपल्यावर साहेबांकडे वळल्या.

"यावर काही सांगायचंय? गप्प राहण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे."

साहेबांनी तो अधिकार वापरला.

मला तिथल्या तिथे सोडलं. निघताना मात्र राहवेना. इतक्या दिवसांची तुंबलेली जीभ. साहेबांच्या कानाशी वाकलो.

"साहेब, आत कोणी भाऊ म्हणत जवळ आला, तर आधी त्याच्या शर्टाची इस्त्री बघा."