थोरल्या पातीच्या दारातली अक्षतांची वाटी

मी अक्षतांची वाटी बोलतेय. पितळेची आहे, मूठभर तांदूळ मावतील एवढीच, पण म्हणून नाक मुरडू नका. एके काळी लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यात आमच्या भावकीचं एकही लग्न माझ्यावाचून लागलं नाही.

पुण्याच्या तांबट आळीत ठोके खात मी आकाराला आले. कामशेतच्या बाजारात भावकीच्या दोन्ही पात्यांनी मिळून मला विकत घेतलं. मूळ पुरुषाच्या मोठ्या मुलाचा वंश ती थोरली पाती, लहान्याचा ती धाकटी. माझ्या कडेवर त्यांनी टिंबाटिंबांनी नाव घालून घेतलं, 'भावकी समाईक'. राहायला मात्र मी धाकट्या पातीत, गेणूआबांच्या घरी.

कार्य ठरलं की कुंकू लावलेले तांदूळ माझ्यात भरायचे. पहिल्या अक्षता देवाला, दुसऱ्या थोरल्या पातीला, मग बाकीच्यांना. उंबऱ्यात उभं राहून हातावर अक्षता ठेवल्या आणि "यायचं बरं का" म्हटलं, की झालं आमंत्रण. रुसलेली माणसं मी लग्नाला आणलीत. कोर्टात एकमेकांवर दावे लावलेले सख्खे भाऊ एका पंगतीत बसवलेत. सांगायला मला कसला संकोच?

पुढे छापील पत्रिका आल्या, मग फोन आले. मी माळ्यावर गेले, मिक्सरच्या रिकाम्या खोक्यामागे. हिरवी पडले. राग आला होता, खोटं कशाला बोलू!

गेणूआबांचा नातू निलेश लोणावळ्याच्या एका हॉटेलात काउंटरवर असतो. तिथे उतरलेल्या एका पाहुण्याने त्याला स्कॉटलंडची गोष्ट सांगितली. तिकडे भावकीला क्लॅन म्हणतात. त्यांची माणसं जगभर पांगलीत, पण गट करून, बस ठरवून आपल्या पूर्वजांचा मुलूख बघायला येतात. कुठल्या खोऱ्यात कोण नांदलं, कुठल्या दगडाखाली कोण झोपलंय, सगळं हिंडून बघतात.

निलेश घरी आला तो पेटूनच. "आपली भावकी काय कमी आहे का? नाशिक, मुंबई, बडोदा, सगळ्यांना बोलवू!"

महिनाभर घरात तेच चाललं होतं. बेचाळीस माणसं तयार झाली. लोणावळा स्टेशनवरून दोन मिनीबस, दुपारी जेवण, नंतर लोहगड. भगव्या टोप्यासुद्धा छापून आल्या. पहिला थांबा अर्थातच जुनं गावठाण आणि वीरगळ. आमचा मूळ पुरुष लढाईत पडला, त्याच्या नावाचा तो कोरीव दगड. टोप्यांवरही एका जुन्या फोटोवरून त्या दगडाचंच चित्र छापलं होतं. आता गंमत बघा, तो दगड रानात नेमका कुठे आहे हे निलेशला माहीतच नव्हतं.

ते माहीत होतं एकट्या कस्तुराबाईंना. त्या थोरल्या पातीच्या, वय ऐंशीच्या पुढे, मुलगा प्रदीपच्या घरी राहतात. दर वर्षी एकट्या जाऊन तिथे दिवा लावायच्या. निलेश त्यांना मोठी आई म्हणतो. त्याने फोन लावला.

"मोठी आई, रविवारी वीरगळ दाखवायला येणार ना?"

"मला कुनी बोलावलंय?"

"ग्रुपवर टाकलंय की! प्रदीपकाकांनी वाचून दाखवलं नाही?"

"तुजा ग्रुप म्हंजी काय माजा उंबरा हाय व्हय?" मोठ्या आईने फोन ठेवला.

निलेश दोन दिवस करवंदीच्या जाळ्यांतून हिंडला आणि हातापायांवर ओरखडे घेऊन परत आला. रविवार तीन दिवसांवर होता. माणसं बडोद्याहून निघणार, आणि ज्याच्यासाठी यायचं तोच दगड सापडेना. डोकं धरून बसला बिचारा.

तेव्हा कुठे मोठ्या आईचं बोलणं गेणूआबांच्या कानावर गेलं. "आदी देव, मग थोरली पाती. तू आदी टोप्या आनल्यास! माळ्यावरची वाटी काड."

निलेशची बायको माधवी हिने मला चिंचेने घासलं. आरशात बघावं तशी मला माधवी माझ्यात दिसायला लागली. किती वर्षांनी अंगात तांदूळ पडले! मी तर फुगूनच गेले.

देवळात अक्षता ठेवून आम्ही थोरल्या पातीच्या दारात उभे राहिलो. निलेशने वाकून नमस्कार केला. "मोठी आई, चुकलं माझं. रविवारी यायचं. तुम्हीच पुढे."

त्यांनी अक्षता घेतल्या, मग मलाच हातात घेतलं. वाचता येत नाही त्यांना, पण बोट बरोबर त्या टिंबांवरून फिरलं. "देवाला ठिवल्या?"

"ठेवल्या."

"आन वीरगळाला?"

निलेशने गेणूआबांकडे बघितलं.

"आरं, ज्याच्या घरी चाललायस, त्यालाच आवतान न्हाई?"

त्यांनी पायात चपला घातल्या आणि तशाच निघाल्या. त्यांच्यामागून गेणूआबा, निलेश आणि मी. ओढ्याच्या वरच्या अंगाला, निलेश दोनदा जिथून परत फिरला होता तिथून चाळीस पावलांवर, दगड होता. निलेशने त्याच्यापुढे अक्षता ठेवल्या आणि हळूच म्हणाला, "रविवारी यायचं बरं का."

रविवारी बेचाळीस भगव्या टोप्या आणि सगळ्यांच्या पुढे मला घेऊन मोठी आई! प्रत्येकाने माझ्यातून चिमूटभर अक्षता उचलून दगडावर वाहिल्या. बडोद्याच्या रेणुकाला मराठी धड येत नाही. ती दगडाला हात लावून रडली, आणि मोठ्या आईने तिला जवळ घेतलं. एवढा मान मला कुठल्याच लग्नात मिळाला नव्हता.

आता मी माळ्यावर नसते, देव्हाऱ्याशेजारी असते. तुमच्याही माळ्यावर माझी एखादी बहीण असेल, तिला खाली काढा. फोन खुशाल करा, पण दारातही जा.

त्या रविवारी संध्याकाळी मोठ्या आईने मला धुऊन परत दिलं. भांडं रिकामं परत करू नये, म्हणून आत मूठभर तांदूळ घातले.

"फुडल्या आवतनाचं हायती," त्या निलेशला म्हणाल्या. "तवा मी आसन-नसन. माजं दार चुकवू नगंस."

ते तांदूळ अजून माझ्यात आहेत.