जेवणाऱ्यांची यादी

आमच्याकडे जेवायला आलेल्याला नाव विचारत नाहीत. रमजानात आमच्या ओम्दुर्मान शहराची माणसं रस्त्यावरच ताटं मांडतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून बसवतात. तो कोण, कुठल्या टोळीचा, हे जेवून झाल्यावर त्याने सांगितलं तर सांगितलं. त्यामुळे मदत संस्थेच्या हाशिमने जेवणाऱ्यांची यादी मागितली, तेव्हा वस्तीच्या सामाईक चुलीवर पातेलं ढवळणारी सित्तानामावशी थांबली.

"पूर्ण नाव, आईबापांची नावं, वय, टोळी," हाशिम म्हणाला. "यादी नाही तर पुढच्या महिन्यात ज्वारी नाही. माझ्या हातात नाही हे, मावशी."

"तुझ्या हातात काय आहे ते तरी सांग एकदा. चार महिने पोर्ट सुदानच्या कचेरीत राहिलास आणि तिकडचाच झालास. यादी काय मीठ लावून खायची आम्ही?"

तो ओशाळला, पण बधला नाही. साहेबलोकांना भीती होती, की धान्य भलत्याच पोटात जाईल. वीस वर्षं मी शाळेत शिकवलं, पण उपाशी पोटांत बरोबर आणि भलतं असा भेद असतो हे मला ठाऊक नव्हतं.

आमची भीती वेगळी होती. शेजारच्या वस्तीतल्या चुलीवर अशीच एक वही होती. एक फौज गेली, दुसरी आली, वही तिच्या हाती लागली. शत्रूचं अन्न खाल्लं म्हणून वहीतल्या अकरा जणांना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. तरी एक दिवस आम्ही नावं विचारून पाहिली. तीनशेची रांग दुसऱ्या दिवशी चाळिसावर आली. मी आमची वही चुलीत घातली, रांग परत आली, आणि ज्वारी बंद झाली.

तीन आठवडे आम्ही शेंगदाण्याची पेंड शिजवली. गुरं खातात ती. दोन म्हातारे आणि एक तान्हं मूल त्या तीन आठवड्यांत गेलं.

त्या मुलाला पुरून आल्यावर मावशी म्हणाली, "बाई, ज्यांना आता कुणी मारू शकत नाही, त्यांचीच नावं देऊन टाका."

शाळेच्या खेळाच्या मैदानात आमचं कब्रस्तान झालं आहे. आम्ही दोघी तिथेच बसलो. मावशीने नवरा दिला, दोन भाऊ दिले. मी माझ्या वर्गाचा हजेरीपट आणला. जागेची कमतरता असेल, नावांची नव्हती. सगळ्यात शेवटी मी लिहिलं: रीम बक्री, वय सात, आईच्या रकान्यात माझं नाव. माझी रीम पटकीने गेली. संस्थेचं सलाइन तिला पुरल्यावर आठव्या दिवशी आलं. सोबत एक पत्रक होतं, जगाला आमची तीव्र चिंता वाटते असं सांगणारं.

यादी पाठवली आणि सहाव्या दिवशी ज्वारी हजर. जिवंतांना पेंड, मेलेल्यांना घरपोच धान्य. यादी अत्यंत नीटनेटकी असल्याबद्दल माझं अभिनंदनही आलं. ते पत्रही मी चुलीत घातलं. पण त्या दिवशी तीनशे माणसं ज्वारीच्या पिठाची घट्ट असीदा जेवली आणि मीही जेवले, हेही सांगितलं पाहिजे.

महिन्याभराने निरोप आला, की संस्थेच्या मॅडम स्वतः पडताळणीला येणार. म्हणजे मेलेल्यांना उठून हजेरी द्यावी लागणार. मी रांगेतल्या प्रत्येकाला एकेक नाव वाटून दिलं. घरातलं नाव घरात द्यायचं नाही, रडू येतं, असं मावशीने बजावलं. रीमचं नाव मी अमलला चिठ्ठीवर लिहून दिलं. तीही सात वर्षांची, रीमच्याच बाकावर बसायची.

मंगळवारी सकाळी पांढरी गाडी आली. मॅडम सावलीत खुर्चीवर बसल्या, हाशिम नावं वाचू लागला. मावशीच्या नवऱ्याच्या नावाला एक न्हावी उठला, तिच्या भावाच्या नावाला एक लंगडा शिंपी. मावशी भांडी घासत राहिली.

"रीम बक्री."

कुणी उठलं नाही. अमल माझ्याकडे बघत होती.

"रीम बक्री. नाही का ही, बाई?" हाशिमने पेन उघडलं. "एक जरी खोटं निघालं तरी सगळी यादी रद्द करतात हे लोक. बघा नीट."

रीमला पुरून आल्यापासून मी ते नाव मोठ्याने उच्चारलं नव्हतं. तीनशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती.

"रीम," मी म्हणाले. "ऊठ, बाळा."

अमल उठली. "हजर."

मॅडमनी तिच्या दंडाला मापाची पट्टी लावली आणि खूश झाल्या. मुलीची प्रकृती उत्तम आहे, असं त्यांनी लिहून घेतलं. मग आई कोण, म्हणून विचारलं. अमलची आई मागच्या रांगेत होती. तिने मान खाली घातली. मी हात वर केला. आम्हा मायलेकींचा फोटो निघाला. या वस्तीत एकही मृत्यू नाही, हे तुमचंच यश आहे, असं मॅडम म्हणाल्या. हाशिमने ते आम्हाला नीट समजावून सांगितलं, तेही आमच्या नजरेला नजर न देता.

गाडीत बसताना तो म्हणाला, "बाई, अजून पन्नास नावं द्या. साहेब खूश आहेत, धान्य वाढवतील."

अमल अजून माझा हात धरून होती. "बाई," तिने विचारलं, "मी मेले की माझं नाव कुणाला द्याल?"

मी तिला गप्प केलं, जवळ घेतलं, ताट वाढून दिलं. मॅडमची किळस मला केव्हाची येत होती. त्या क्षणी मला माझी आली. कारण हाशिमने पन्नास म्हटल्यापासून मी रांगेवरून नजर फिरवत होते, आणि कोण खोकतंय, कोणाला उभं राहवत नाही, ते बघत होते.