चौथी माळ

‘बेटा, तीन दशमलव तैंतीस का चार कैसे हुआ?’

मोबाइलवर आलेली ही ओळ जयूताईंनी आधी चष्म्यातून वाचली, मग चष्मा कपाळावर सरकवून वाचली. दोन्ही वेळा प्रश्न तोच होता. आणि दोन्ही वेळा त्यांना उत्तर ठाऊक नव्हतं.

दुपारचे दोन वाजले होते. आतल्या खोलीत अरविंदराव घोरत होते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते ज्या निष्ठेने झोपत, त्या निष्ठेने त्यांनी नोकरीही केली नसेल, असं जयूताईंचं मत होतं. पाच वाजता बाहेरच्या खोलीत अकरावीची बॅच येणार होती. त्याआधी या प्रश्नाचा निकाल लावायला हवा होता.

उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या या घराच्या बाहेरच्या खोलीत जयू सरवटे बावीस वर्षं गणिताची ट्यूशन घेत होत्या. आठवी, नववी, दहावी त्यांना तोंडपाठ. चार वर्षांपूर्वी कुणा पालकाने गळ घातली, मॅडम, ग्यारहवीं भी ले लो ना, आणि नाही म्हणायची सवय नसल्याने त्या हो म्हणून बसल्या. पहिल्याच महिन्यात त्यांच्या लक्षात आलं की आपण बी.एस्सी. होऊन बत्तीस वर्षं झाली आणि दरम्यान गणित फार पुढे निघून गेलं. नाकी नऊ आले तेव्हा पुण्याच्या अमोलने, म्हणजे त्यांच्या मुलाने, फोनवर एक जागा शोधून दिली. अडलेलं गणित तिथे टाकायचं, जगातली कुठलीही अनोळखी माणसं समजावून देतात. नियम एकच: आधी आपण काय केलं ते दाखवायचं. नुसतं उत्तर मागणाऱ्याला तिथे कुणी उभं करत नाही.

तिथे स्वतःची ओळख लिहायची होती. तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या असलेल्या जयूताईंनी लिहिलं, ‘अकरावीची विद्यार्थिनी, उज्जैन’. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच. तेव्हापासून कठीण गणितं दुपारी अनोळखी लोकांकडे जात आणि पाच वाजता जयूताईंच्या फळ्यावर त्यांचीच म्हणून उतरत. झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली होती.

मंगळवारी मात्र घोटाळा झाला. मुलांनी शाळेतून मिळालेला गृहपाठाचा नवा कागद आणला आणि त्यातलं एक गणित सगळ्यांनी मिळून पुढे केलं. तीन लाल गुलाब आणि तीन पिवळे झेंडू, अशा सहा फुलांच्या वेगवेगळ्या गोल माळा किती होतील? एका रंगाची फुलं सारखीच धरायची. जयूताईंनी झरझर मांडलं. सहा फुलं सरळ रांगेत मांडायचे प्रकार वीस. माळ गोल, म्हणजे सुरुवात सहा ठिकाणांहून करता येते, म्हणून भागिले सहा. उत्तर आलं तीन पूर्णांक आणि वर काहीतरी. माळा काही सव्वातीन होत नाहीत. त्यांनी कागदाच्या शेवटी छापलेलं उत्तर हळूच पाहिलं. चार होतं.

उत्तर माहीत असलं की पायऱ्या त्याच्या दारापर्यंत नेता येतात. ट्यूशन घेणाऱ्या माणसाला ही विद्या अवगत असते आणि ती कुणी कुणाला सांगत नाही. जयूताईंनी फळ्यावर ठासून लिहिलं, ‘अपूर्णांक आल्यास पुढची पूर्ण संख्या घ्यावी’. चौदा मुलांनी ते निमूट उतरवून घेतलं.

पंधरावी मुक्ता. तिचं उत्तर तीन होतं. मुक्ताच्या आईचं रामघाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर फुलांचं दुकान. माणसं मूळची बऱ्हाणपूरची, घरात मराठी, दुकानात हिंदी. मुक्ता वही घेऊन पुढे आली आणि तिच्या नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाली, “मॅडम, चौथी माळ होतच नाही. ती तिसरीच आहे, पलटून ठेवलेली.”

आता ही मुलगी आणखी एक प्रश्न विचारेल आणि चार वर्षांची मूठ उघडेल, असं जयूताईंना वाटलं. घाबरलेला माणूस आधी आवाज चढवतो. त्यांनी मुक्ताच्या तीनवर लाल काट मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “ये फूलों की दुकान नहीं है, मुक्ता. यहाँ गणित होता है.”

मुलं हसली. मुक्ता वही मिटून जागेवर जाऊन बसली.

बुधवारी ती आलीच नाही. बॅच सुटताना तिची मैत्रीण देवश्री चप्पल शोधता शोधता सहज बोलून गेली, की मुक्ता आता येणार नाही, ती गणित सोडून कॉमर्स घेतेय, शाळेत विषय बदलायला शनिवारपर्यंत मुदत आहे, फॉर्म तिने भरूनसुद्धा ठेवलाय.

त्या रात्री जयूताईंना जेवण गेलं नाही. आणि गुरुवारी दुपारी त्यांनी ते गणित, आपल्या सगळ्या पायऱ्या आणि छापील उत्तर यांसकट, अनोळखी लोकांपुढे टाकलं. त्यावर कुणा माणसाने हा प्रश्न विचारला होता. तीन दशांश तेहतीसचे चार कसे झाले? ‘उत्तर नको, स्टेप दाखव’ असं हजारदा पोरांना खडसावलेल्या बाईंना आज त्यांच्याच काठीचा प्रसाद मिळत होता.

‘पता नहीं,’ त्यांनी खरं ते लिहिलं. लिहून हलकंच वाटलं.

‘अच्छा किया जो बता दिया,’ उत्तर आलं. ‘सूत्र छोड़ो. छह चीज़ें लो और बनाकर देखो.’

जयूताई स्वयंपाकघरात गेल्या, मूठभर शेंगदाणे आणि मूठभर फुटाणे घेतले आणि ताटात गोल मांडायला बसल्या. तीन शेंगदाणे एकत्र, तीन फुटाणे एकत्र, ही एक. एकाआड एक, ही दुसरी. दोन शेंगदाणे, एक फुटाणा, एक शेंगदाणा, दोन फुटाणे, ही तिसरी. दोन शेंगदाणे, दोन फुटाणे, एक शेंगदाणा, एक फुटाणा, ही चौथी. त्यांनी ताट फिरवून फिरवून पाहिलं. चारच होत होत्या. म्हणजे कागद बरोबर. क्षणभर त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच लाज वाटली.

अरविंदराव डोळे चोळत आले, ताटातला एक शेंगदाणा उचलून तोंडात टाकला आणि म्हणाले, “हे काय, उपास आहे का आज?”

“गणित आहे. खाऊ नका.”

“आधी सांगायचं ना,” असं म्हणून ते परत जाऊन आडवे झाले.

मोडलेल्या चौथ्या माळेकडे पाहताना जयूताईंना मुक्ताचं वाक्य आठवलं. पलटून ठेवलेली. ताटातले दाणे पलटता कसे येणार? त्यांनी शिवणाच्या मशीनच्या खणातून तुटक्या माळांच्या मण्यांचा डबा काढला. लाल आणि पांढरे मणी दोऱ्यात ओवून त्यांनी तिसरी आणि चौथी माळ केली. दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. मग चौथी उचलली आणि पोळी उलटावी तशी उलटून ठेवली.

ती तिसरीच होती. मण्याला मणी जुळत होता.

मुक्ताच्या हातांना हे मंगळवारीच ठाऊक होतं आणि आपण त्या हातांना हसलो, हे जयूताईंना आता नीट समजलं. त्यांनी फोनवर लिहिलं की पलटून पाहिलं तर तिसरी आणि चौथी एकच आहे, मग उत्तर तीनच ना?

‘शाबाश बेटा,’ तिकडून आलं. ‘काग़ज़ ने माला को थाली में रखकर गिना, तुमने हाथ में लेकर. काग़ज़ ग़लत है, तुम सही. यह सूझा कैसे?’

वडील गेल्यापासून जयूताईंना कुणी शाबाश म्हटलं नव्हतं, आणि बेटा तर नाहीच. त्यांचे डोळे भरून आले. पण पुढच्याच क्षणी ती शाबासकी त्यांना टोचू लागली, कारण ती त्यांची नव्हती. त्यांनी सगळं लिहून टाकलं. आपण विद्यार्थिनी नाही, शिकवणारी बाई आहोत, वय सत्तावन्न, हे सुचलं ते आपल्या एका मुलीला आणि आपण तिला सगळ्यांसमोर गप्प केलं.

आता हा भला माणूस आपल्याला इथून काढून टाकणार, असं धरून त्या बसल्या होत्या. मग ओळ उमटली.

‘तो क्या हुआ बेटा, मैं इक्यासी का हूँ. उस बच्ची को बताया?’

जयूताईंना रडता रडता हसू आलं. त्यांनी मण्यांच्या दोन्ही माळा पर्समध्ये टाकल्या, केसांवरून हात फिरवला आणि नाक्यावरून ई-रिक्षा पकडली.

दुकानात मुक्ता आणि तिची आई दोघी होत्या. आईने लगबगीने स्टूल पुढे केलं, पाणी दिलं आणि मॅडम स्वतः आल्या म्हणून तिला काय करू नि काय नको असं झालं. मुक्ता मान खाली घालून झेंडू ओवत राहिली. भरलेला फॉर्म तराजूच्या वजनाखाली घडी करून ठेवलेला होता.

“तुझं उत्तर बरोबर होतं, मुक्ता,” जयूताई म्हणाल्या. “तीनच.”

“माहीत आहे मला,” मुक्ता म्हणाली. सुई थांबली नाही.

“मग गणित का सोडतेस?”

मुक्ताने दोरा दाताने तोडला. “बरोबर असून पण हसतात, तर चुकल्यावर काय करतील? सगळ्यांच्या समोर बोलल्या होत्या तुम्ही, मॅडम.”

आईने तिला दटावलं, मोठ्यांशी असं बोलतात का म्हणून. जयूताईंनी हातानेच आईला थांबवलं. मुलीच्या बोलण्यात एकही पायरी गाळलेली नव्हती.

“खरंय,” त्या म्हणाल्या. “पाच वाजता ये. तिथेच सांगते, सगळ्यांच्या समोर.”

मुक्ताने सुईत नवा दोरा ओवला.

पाचाला मुलं आली. पाच वाजून दहा मिनिटं झाली तरी मुक्ताचा पत्ता नव्हता. चौदा मुलं जमिनीवर अंथरलेल्या दरीवर वह्या उघडून बसली होती. तिची वाट पाहायची म्हणजे ती आली नाही तर सुटका, असा एक विचार जयूताईंच्या मनात डोकावला. तो ओळखून त्या ताडकन उभ्या राहिल्या.

“मंगलवार का माला वाला सवाल मैंने ग़लत कराया,” त्या म्हणाल्या. “मुझे आता नहीं था. पीछे उत्तर देखा और स्टेप बना दिए. वो अगली संख्या लेने वाला कोई नियम नहीं है. काट दो.”

कुणीही पेन उचललं नाही. जयूताईंनी तसंच पुढे सांगितलं, की अवघड गणितं त्या दुपारी अनोळखी लोकांना विचारतात, चार वर्षं विचारताहेत, आणि आज विचारलं तेव्हा कळलं की या बॅचमध्ये एकटी मुक्ता बरोबर होती. “और दुकान वाली जो बात मैंने कही, वो सवाल से भी ज़्यादा ग़लत थी.”

मग पुढच्या ओळीतला श्रेयस वहीत बघत म्हणाला, “मॅडम, वो चार तो किसी को समझ में नहीं आया था. हमको लगा हम ही ढीले हैं.”

दोन-तीन माना हलल्या. एवढंच झालं. कुणी उठून गेलं नाही, कुणी हसलं नाही, इतकी वर्षं ज्याची धास्ती घेतली होती ते झालं आणि छत जागच्या जागी राहिलं. जयूताईंचा जीव भांड्यात पडला. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपल्याच खोलीत मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

दारात मुक्ता उभी होती. कधी आली कोण जाणे. बोटं झेंडूने पिवळी झालेली, हातात दप्तर नाही, वही नाही.

“ये,” जयूताई म्हणाल्या आणि खडू तिच्यापुढे धरला. “तूच समजाव.”

मुक्ताने खडू घेतला. आधी कच्चं मांडून बघायला तिला कागद हवा होता. तिने कमरेला खोचलेला एक घडीचा कागद काढला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर तीन गोल काढले. खालच्या बाजूला ‘विषय परिवर्तन हेतु आवेदन’ असं छापलेलं होतं. ते जयूताईंनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

आपली खुर्ची फळ्याच्या वाटेत येईल म्हणून त्या मागे गेल्या आणि अगदी शेवटी, भिंतीला टेकून दरीवर बसल्या. बावीस वर्षांत त्या इथे कधी बसल्या नव्हत्या. मुक्ता फळ्यावर डावीकडून लिहू लागली. जयूताईंना खडूचा आवाज येत होता, पण अक्षर एकही दिसेना. त्यांनी चष्मा पुसला. पश्चिमेच्या खिडकीतून उतरतं ऊन नेमकं फळ्याच्या डाव्या भागावर पडलं होतं आणि तेवढा भाग नुसता चकाकत होता.

“तुला दिसतंय का गं?” त्यांनी शेजारच्या देवश्रीला हळूच विचारलं.

“नहीं मॅडम. उधर का तो हम आगे वालों से पूछ के लिख लेते हैं. शुरू से.”

“मग कधी बोलली नाहीस?”

देवश्री नुसतीच कसनुशी हसली.

जयूताई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. खिडकीपाशी गेल्या, बाजूला बांधलेल्या जुन्या पडद्याची गाठ सोडली आणि तो या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला. फळा काळा झाला. डाव्या कोपऱ्यातली मुक्ताची पहिली माळ, तीन गुलाब आणि तीन झेंडू, मागच्या भिंतीपर्यंत स्पष्ट दिसू लागली.

त्या परत जागेवर येऊन बसल्या. देवश्रीने सरकून त्यांना जागा दिली आणि आपल्या वहीतलं एक कोरं पान फाडून पुढे केलं.

“हं, आता दिसतंय,” जयूताई म्हणाल्या, आणि लिहून घेऊ लागल्या.