नाकातले बोळे

माझ्या झोपेबद्दल जानेफळात कोणाचं दुमत नाही. आठवडी बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसलो की गिऱ्हाईक आधी मला हलवतं, मग भाव विचारतं. शेजारी मिरच्या घेऊन बसणारा हिंमतराव माझ्या जुड्या परस्पर विकून टाकतो आणि वर म्हणतो, "इंद्रभान, तू घरीच झोपत जाय, माल तेवढा पाठवत जाय." लोक हसतात. मीही हसायचो. एकदा आळशी म्हणून नाव झालं की ते पुसत बसण्यात अर्थ नसतो.

पण मी आळशी नव्हतो, हे मला चोपन्नाव्या वर्षी अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलं. त्याचं असं झालं, मेहकरहून मोटरसायकलवर येताना मला डुलकी लागली आणि मी गाडीसकट नाल्यात उतरलो. हात मोडला नाही, दात पडला नाही, पण बायको, गीता, घाबरली आणि तिनंच मला डॉक्टरपुढे नेऊन बसवलं. सगळं तिनंच सांगितलं. हे घोरतात, घोरता घोरता एकदम गप्प होतात, छाती हलते पण श्वास येत नाही, मग मी गदगदा हलवते तेव्हा पुन्हा चालू होतात. लग्नाला तीस वर्षं झाली. तीस वर्षं ती अर्धी रात्र माझ्या उशाशी जागी असायची. डॉक्टरनं मला एक रात्र अंगाला तारा लावून झोपवलं आणि सकाळी सांगितलं, तासाला चाळीस वेळा श्वास थांबतो. रात्री नाकातून हवा देणारी मशीन लावा, नाहीतर एक दिवस झोपेत जाल, नाहीतर मोटरसायकलवरून जाल. म्हणजे मशीन लावली नाही तर कसं जायचं, एवढंच माझ्या हातात होतं.

मशीन ठरलेली होती. निवडायचा होता तो तिचा मास्क, आणि खरी गोम तिथंच होती. अकोल्यातच मशीनच्या दुकानातल्या मॅडमनी तीन मास्क टेबलावर मांडले. पहिला नाक-तोंड दोन्ही झाकणारा. तो लावला आणि मला वाटलं, कोणीतरी तोंडावर उशी दाबून मला मारतंय. दुसरा नुसत्या नाकावरचा, तिकोनी. त्याची कड नाकाच्या हाडात रुतायची आणि वारं डोळ्यांत घुसायचं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. तिसरा मात्र एवढासा होता. दोन मऊ रबरी बोंडं, ती नाकपुड्यांच्या तोंडाशी नुसती टेकवायची आणि डोक्यामागून एक पट्टा घ्यायचा. मॅडमनी लहान, मोठी, मध्यम अशी बोंडं बदलून पाहिली. मध्यम बसली. "खुर्चीत मागे टेका काका, पाच मिनिटं बघा कसं वाटतं," त्या म्हणाल्या.

मी पाऊण तास झोपलो. दुकानात, खुर्चीवर, दिवसाढवळ्या. तशी झोप मला कुठेही लागते, पण ही वेगळी होती. उठलो तेव्हा डोकं हलकं होतं, तोंडाला कोरड नव्हती, आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर इतकं स्वच्छ दिसत होतं की मी त्यावरच्या सगळ्या तिथ्या वाचून काढल्या. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. लोक रोज असं उठतात आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नाही, याचा थोडा रागही आला. गीता शेजारी बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. मला वाटलं, तिलाही भरून आलं असेल.

घरी आलो तर वडील ओसरीवर खाटेवर बसलेले. पुंजाजी त्यांचं नाव, वय पंचाऐंशी, नजर अजून सुई ओवण्याइतकी शाबूत. मी हौसेनं त्यांना मास्क लावून दाखवला. त्यांनी घटकाभर पाहिलं आणि मान फिरवली.

"काढ ते."

"काऊन बाबा?"

"जित्या मानसाच्या नाकात बोळे कोनी घालते का बे?"

आमच्याकडे माणूस गेला की आंघोळ घालून त्याच्या नाकात कापसाचे बोळे घालतात. मीही घातले आहेत, माझ्या आईच्या नाकात. पण मास्क निवडताना ही गोष्ट माझ्या मनाला शिवलीसुद्धा नव्हती. "बोळे नाईत बाबा, यातून हवा येते," मी म्हणालो.

"येऊ दे. दिसते तर तसंच."

म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून मी ते हसण्यावारी नेलं. निजताना गीतानं मास्कचा पट्टा माझ्या डोक्यामागे नीट बसवून दिला आणि विचारलं, "तो दुसरा नाई का चालनार? तोंडावरचा?"

"त्यानं जीव गुदमरते. हाच बरा हाय."

"बरं," ती म्हणाली. त्या 'बरं'च्या भरवशावर मी निर्धास्त झोपलो.

सकाळी उठलो तर डोकं नेहमीसारखं दगड. मास्क उशीजवळ पडलेला, मशीन बंद. "तुमीच वढून फेकलं जी झोपेत," गीता म्हणाली. "म्या पाह्यलं." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. रोज उठल्यावर मी विचारायचो, काय झालं, आणि रोज ती सांगायची, तुम्हीच ओढलं. मला माझाच राग यायचा. नशिबानं चांगली वस्तू हाती लागली आणि माझेच हात ती फेकून देत होते. पट्टा इतका आवळला की गालांवर वळ उठले. बोंडं बदलली, लहान लावली, मोठी लावली. बाजारात हिंमतराव पुन्हा माझ्या जुड्या विकू लागला. "मशीन घेतली म्हने तू. ते जागी राह्यते अन् तू झोपते का?" असं त्यानं चारचौघांत विचारलं.

मधे दोन दिवस मात्र मास्क सकाळपर्यंत नाकावर राहिला. गीता तेव्हा भाचीच्या साखरपुड्याला नांदुऱ्याला गेली होती. पहिल्याच दिवशी मी दुपारच्या आत वांग्याचे चार वाफे निंदून काढले. आनंदानं तिला फोन केला की मास्क बसला एकदाचा, मला त्याची सवय झाली. "बरं झालं," ती म्हणाली. ती आली आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मी म्हटलं, आपलं नशीबच फुटकं.

मग दुकानातल्या मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "काका, मिशी मोठी आहे ना तुमची? बोंडांखाली केस आले की हवा निसटते, नाकाला त्रास होतो आणि माणूस झोपेत मास्क ओढतो. मिशी काढून बघता का?"

त्यांना काय माहीत त्या काय बोलून गेल्या. आमच्यात मिशी उतरवतात ती बाप गेल्यावर. बाप ओसरीवर भाकर खात बसलेला असताना कोणी मिशीला वस्तरा लावत नाही. मी दोन दिवस विचार करत राहिलो. गीता मेथी निवडत होती, तिला विचारलं, काय करू. तिनं मान वर केली नाही. "तुमाले बरं वाटन ते करा," म्हणाली.

न्हाव्याकडे गेलो तर त्यानं वस्तरा खाली ठेवून विचारलं, "पुंजाजीबुवा कवा गेले?" जिवंत आहेत म्हटल्यावर त्यानं हातच लावला नाही. शेवटी घरीच, अंगणात आरसा टांगून, तीस-पस्तीस वर्षांची मिशी मी माझ्या हातानं उतरवली. बाबांनी ओसरीवरून पाहिलं.

"म्या मेलो का बे?" त्यांनी विचारलं.

मी त्यांचे पाय धरले, समजावून सांगितलं, मॅडम, हवा, केस, सगळं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि संध्याकाळी जेवले नाहीत. गीता त्यांचं ताट घेऊन उभी होती, मग ते तसंच आत घेऊन गेली. बापाला जिवंतपणी मारल्यासारखं वाटलं मला, आणि दुसऱ्या सकाळी मास्क पुन्हा उशीजवळ पडलेला होता.

तेव्हा मी हरलो. मशीन पिशवीत घातली आणि एकटाच अकोल्याची एसटी धरली. म्हटलं, हा मास्क द्यावा आणि तो गुदमरणारा घ्यावा. निदान तो ओढून निघणार नाही. मॅडमनी मशीनमधून एक छोटं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. मशीन सगळं लिहून ठेवते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"काका, मास्क बदलायचं कारणच नाही," त्या म्हणाल्या. "हवा कुठे निसटतच नाहीये, मिशी होती तेव्हाही नाही. तुम्ही साडेदहाला लावता आणि बाराच्या सुमारास बंद करता."

"मी नाही करत. झोपेत ओढला जातो."

"झोपेत ओढला तर मशीन चालूच राहते आणि हवा मोकळी सुटलेली इथं दिसते. ही बटण दाबून बंद केलेली आहे. रोज." मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "या दोन रात्री बघा. सात तास, आणि पावणेसात तास. श्वास एकदाही अडला नाही म्हटलं तरी चालेल. त्या दिवशी काय वेगळं केलं होतं?"

मी तारखा वाचल्या. नांदुऱ्याचा साखरपुडा.

"उपास होता," मी म्हणालो. घरातली लाज दुकानात कशाला उघडी करायची? मास्क तोच ठेवला आणि परत निघालो. कुंपणानेच शेत खाल्लं, हे मी आजवर दुसऱ्यांच्या बाबतीत बोलत आलो होतो.

घरी पोचलो तेव्हा ऊन होतं. गीता अंगणात लसूण सोलत बसली होती, बाबा ओसरीवर. मी पिशवी खाली ठेवली.

"मशीन कोन बंद करते रातच्यानं?"

तिनं लसूण सोलायचं थांबवलं. खोटं बोलली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

"मी," ती म्हणाली.

"काऊन?"

"मामाजीनं सांगतलं होतं. मी जिता हाय तोवर पोराच्या नाकात बोळे राहू देऊ नोको म्हने."

मी ओसरीकडे पाहिलं. तिचे मामाजी, म्हणजे बाबा, आपल्या हातांकडे बघत होते. म्हणजे त्यांना माहीत होतं. मी मिशी कशापायी काढली आणि ती फुकट गेली, हे माहीत असून त्यांनी मला विचारलं होतं, म्या मेलो का. आणि तीही ताट घेऊन तिथंच उभी होती. घरात तीन माणसं, दोघांना ठाऊक आणि तिसरा गालांवर वळ घेऊन नशिबाला शिव्या देत बसलेला.

"त्याइचं नाव कायले घेऊ," गीता पुढे म्हणाली. "हात तर माहाच होता. तीस वर्सं तुमचा आवाज आयकून मले समजे का तुमी हाय. आता नाकात बोळे, गळ्यापावतर पांघरून, अन् आवाज नाई. म्या तसं पाहत बसू का? माह्यानं राहवलंच नाई. मी मशीन बंद करो, तुमी घोरू लागले का मंग माहा डोळा लागे."

"डोळा लागे?"

तिनं लसणाची पाकळी पुन्हा हातात घेतली.

"तुहा डोळा लागे, तं माहा श्वास थांबला का मले हलवे कोन?"

"हलवत होती. कवा कवा लागे झोप."

"डॉक्टरनं तुह्यासमोर सांगतलं होतं, झोपेत जाईन म्हनून."

"हाव."

"मिशी काढली तवाही बोलली नाई."

"बोलनार होती," ती म्हणाली आणि रडायला लागली.

परक्यानं केलं असतं तर मी त्याचं घर डोक्यावर घेतलं असतं. हिनं केसानं गळा कापला, तोही मायेनं. तिचं भय मला कळत होतं, मी काही दगड नाही. पण रोज सकाळी माझ्या डोळ्यांत डोळे घालून 'तुम्हीच ओढलं' म्हणायला भय लागत नाही. त्याला दुसरंच काहीतरी लागतं, आणि ते माझ्या बायकोत आहे हे मला ठाऊक नव्हतं. ते मला ठाऊक झालं नसतं तर बरं झालं असतं, असंही त्या दुपारी वाटलं.

तिनं तुळशीला हात लावून शपथ घेतली, पुन्हा मशीनला बोट लावणार नाही. बाबा म्हणाले, "तुह्या मनानं कर बापा." त्या रात्री मी मास्क लावला. मध्यम बोंडं, पट्टा सैल, मिशी नसल्यामुळे बसला तर अगदी लोण्यासारखा. हवा मऊ येत होती. गीता माझ्याकडे पाठ करून निजली आणि दमलेली होती म्हणून लवकरच झोपली.

मी झोपलो नाही. बाजारात, मोटरसायकलवर, दुकानाच्या खुर्चीत झोपणारा माणूस मी, पण त्या रात्री डोळा मिटेना. ती कूस बदलायची आणि मी तिच्या हाताकडे बघायचो. हात पांघरुणाबाहेर आला की माझा हात मशीनच्या बटणावर जायचा. पहाटे कोंबडा आरवला तरी मी तसाच होतो, नाकात हवा आणि डोळे उघडे.

ती उठली, माझ्या नाकावरचा मास्क तिनं पाहिला, आणि भीत भीत विचारलं, "लागली का जी झोप?"

"हाव, मस्त लागली," मी म्हणालो. तीस वर्षांत मी तिच्याशी बोललेलं हे पहिलं खोटं, आणि ते बोलताना मला काहीच जड गेलं नाही.