पूर्ण नाव

चूक माझीच. उगाच दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची नाही.

मी सुप्रभा. कार्डिफच्या एका युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात अ‍ॅडमिनला आहे. तिथल्या एका स्टुडंटला आम्ही युवराज म्हणायचो, कारण त्याचे वडील त्यांच्या देशाचे तहहयात राष्ट्रपती. पोरगा इतका गोड, काय सांगू! दार उघडून धरायचा, माझ्या डब्यातला शिरा खायचा, सारखं 'आंटी, आंटी'. तिकडे माणसं गायब होतात हे वाचलं होतं मी. पण हा बापावर गेलेला नाही, असं मी छातीठोकपणे सांगायचे.

नादिया आमच्याकडे क्लीनर, त्याच देशातून पळून आलेली. तिचा भाऊ तिकडे मोर्चात पकडला गेला. ती रडायला लागली आणि माझ्यातली पुणेकर जागी झाली. अहो, ओळख आहे तर शब्द टाकायला काय जातं? आमच्याकडे गॅसच्या नंबरापासून अ‍ॅडमिशनपर्यंत सगळं असंच व्हायचं. नादिया "नको, नको" म्हणत होती. मी ऐकते कसली!

कागदावर व्यवस्थित लिहिलं: भावाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. वडिलांचं नाव नादियाच्या नोकरीच्या फॉर्मवरून घेतलं. त्याशिवाय अर्ज पुरा होतो का कधी! युवराजांनी कागद दोन्ही हातांनी घेतला. "बाबांशी बोलतो, आंटी."

पुढच्या आठवड्यात नादिया आली आणि तिने सगळं सांगितलं. तिचे वडील म्हणजे राष्ट्रपतींविरुद्ध बंड केलेले कर्नल. ते नाव लपवून भाऊ साधा भाजीवाला म्हणून सोमवारी सुटणार होता. रविवारी त्याला गोळी घातली.

"बापाचं नाव लिहायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" तिने विचारलं.

ती घरी गेली आणि दुपारी युवराज आले. डोळ्यांत पाणी, तेही खरं. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"फार वाईट झालं, आंटी. नादियाला फुलं पाठवायचीत. तिचा पत्ता द्याल?"

"नाही देणार," मी ओरडलेच. "चालता हो, मेल्या!"

तो रागावला नाही. खुर्ची नीट आत सरकवली.

"इट्स ओके. पत्ता सकाळीच मिळाला. बाबांना सगळं दोनदा तपासलेलं लागतं, म्हणून विचारलं."

तो गेल्या गेल्या मी नादियाला फोन लावला. उचलला नाही. पोलिसांना सांगून झालंय. मी अजून लावतेच आहे.