रिकाम्या आउटबॉक्सचा नेम

मी आउटबॉक्स बोलतेय. डोळ्यांच्या एका छोट्या दवाखान्यात काउंटरवर कॉम्प्युटर आहे, त्यातल्या ईमेलच्या पडद्याच्या डाव्या कडेला माझी जागा; निघालेली पत्रं क्षणभर माझ्यात थांबतात आणि पुढे जातात. तिथे बसल्या बसल्या एकदा मी नवस बोलले होते. माणसं साखर सोडतात, कुणी भात सोडतं. माझ्याकडे सोडण्यासारखं काय असणार? मी म्हटलं, देवा, एवढे चार कागद पोहोचू देत, रिकामी झाल्याची फुशारकी मी आजपासून सोडली.

तसं बोलायची वेळ का आली, ते सांगते.

माझ्या आधी या काउंटरवर फॅक्सचं मशीन होतं. कागद चावायचं, मधूनच किंचाळायचं. ते भंगारात गेलं आणि त्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. इंटरनेटवरून फॅक्स करायचा म्हणजे एक ईमेलच लिहायचं. पत्त्याच्या जागी समोरच्याचा फॅक्स नंबर, त्याला जोडून फॅक्स कंपनीचं नाव, आणि सोबत स्कॅन केलेले कागद. मी ते कंपनीकडे सोपवते आणि कंपनी समोरच्या मशीनवर छापून देते. मोठ्या इस्पितळाला अजून फॅक्सच लागतो. का, विचारलं तर म्हणतात, "वरून तसंच आहे."

हे सगळं बसवलं होतं थोरल्या ताईंनी. डॉक्टरांच्या तरुणपणापासून त्या काउंटर सांभाळत होत्या. त्या निवृत्त झाल्या तेव्हा डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले, "त्यांच्या ईमेलला कुणी हात लावायचा नाही. बाईंनी उभा जन्म इथे काढलाय. दुसऱ्याची पत्रं उघडायची नसतात." त्यांच्या जागी आलेल्या धाकटीला नवं खातं मिळालं. थोरल्या ताईंचं खातं ठेवणीतल्या शालीसारखं घडी घालून पडद्याच्या तळाशी राहिलं. त्या मानात कुणाचं नुकसान दडलं असेल, असं कुणाच्या मनातही आलं नाही. फॅक्स करायची वेळ तरी कुठे आली होती?

ती आली धाकटीच्या दादामुळे.

दादा शिंपी. उजव्या डोळ्यापुढे काळा पडदा चढत चाललाय, म्हणून तो बहिणीकडे आला. डॉक्टरांनी तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. शस्त्रक्रिया मोठ्या इस्पितळातच होणार, आणि डॉक्टरांचे कागद फॅक्सने गेल्याशिवाय तिथे यादीत नाव लागणार नाही. जितका उशीर, तितका उजेड कमी.

धाकटीने कागद स्कॅन केले, जोडले, बटण दाबलं. मी क्षणात रिकामी झाले. पडद्यावर ठसठशीत अक्षरं उमटली: पाठवलं.

"गेलं बाई," ती म्हणाली. दादाला रिक्षात बसवून घरी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन आला नाही, म्हणून तिनेच इस्पितळात लावला. "काही आलेलं नाही," पलीकडची बाई म्हणाली. "उद्याची यादी संध्याकाळी बंद होते."

धाकटीने पुन्हा पाठवलं. मी पुन्हा रिकामी. पुन्हा फोन. "नाही हो, काही नाही."

दादा बाकावर बसून होता, डोळ्यावर पट्टी. म्हणाला, "तुझ्या मशीनलाही दिसत नाहीये का? माझ्याशेजारी बसव, दोघांना एकच डॉक्टर."

तिने कॉम्प्युटरच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्याच्या सांगण्यावरून तिने इंटरनेटची डबी बंद करून चालू केली. नंबर आकडा-आकडा वाचून दाखवला, बरोबर होता. कागद फोटोसारखे जोडले होते, ते एकाच फाइलमध्ये घेतले. दरवेळी मी भरायची, रिकामी व्हायची, आणि पडद्यावर तेच: पाठवलं. मला माझी लाज वाटू लागली. तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं, की मी फक्त उंबरठा आहे गं, पलीकडे काय झालं ते मला कुठे कळतंय? तोंड नव्हतं. म्हणून नवस बोलले.

"पाठवलं नाही गेलं, तर नकाराचं ईमेल यायला हवं," दुरुस्तीवाला म्हणाला. "आणखी कुठलं खातं आहे का त्यात?"

"आहे, पण ते उघडायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग डॉक्टरांना विचारा."

डॉक्टर आत रुग्णाच्या डोळ्यात थेंब घालत होते. ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली. मग तिने थोरल्या ताईंनाच फोन लावला. "ताई, तुमचं खातं उघडू का? रागावू नका."

"अगं, माझं असं काय असणार त्यात? ह्यांची प्रेमपत्रं? ह्यांनी कधी भाजीची यादीसुद्धा लिहून दिली नाही मला. उघड."

धाकटीने घडी उलगडली. आत कंपनीचे नकार एकाखाली एक, ठळक अक्षरांत, न वाचलेले. तुमच्या खात्यावरून अनोळखी पत्त्याने फॅक्स पाठवायचा प्रयत्न केला, तो थांबवला आहे. कंपनीला फक्त थोरल्या ताईंचा पत्ता ठाऊक होता. धाकटीचं प्रत्येक पाठवणं दारातूनच मागे फिरलं होतं, आणि निरोप मात्र जिथे कुणी बघायचं नाही तिथे जाऊन पडला होता.

तिने त्याच खात्यातून फॅक्स केला. थोड्या वेळात पोच आली: सर्व पानं मिळाली. दुरुस्तीवाला म्हणाला, "झालं, मॅडम." ती म्हणाली, "थांबा." आणि तिने इस्पितळात फोन लावला.

"आलंय," पलीकडची बाई म्हणाली, "पण तिसरं पान अख्खं काळं आहे. डोळ्याचा फोटो आहे ना तो? यातलं काही दिसत नाही. याच्यावर नाव नाही घेता येणार."

धाकटीने फोटो उजळ करून पुन्हा स्कॅन केला. मी भरले, रिकामी झाले, आणि या वेळी गप्प राहिले.

"दिसतंय आता," फोनवरची बाई म्हणाली. "घेतलं नाव. सकाळी उपाशीपोटी आणा."

धाकटी खुर्चीत बसली आणि पदराने तोंड झाकून रडली. दादा चाचपडत उठला, तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेला, तो हात कॉम्प्युटरवर पडला.

शस्त्रक्रिया झाली. उजेड राहिला, पण सगळा नाही. डॉक्टर खाली मान घालून म्हणाले, कागद एक दिवस आधी पोहोचले असते तर बरं झालं असतं. त्यांनी स्वतःच्या हाताने ते घडी घातलेलं खातं सगळ्यांत वर आणून ठेवलं. दादा अजून शिवतो. सुईत दोरा मात्र बहिणीकडून ओवून घेतो, आणि ती सकाळी कामाला येण्याआधी आठवडाभराच्या सुया ओवून उशीत टोचून ठेवते.

मी आहे तिथेच आहे. दिवसातून कितीदा भरते, कितीदा रिकामी होते. नेम मोडलेला नाही. तुम्हालाही हात जोडून एवढंच मागते: माझ्यासारखी तुम्हीही ती एक फुशारकी सोडा. कुणाचं औषध, कुणाचा अर्ज, कुणाचा निरोप तुमच्या हातून गेला, तर "मी पाठवलं" म्हणून उठू नका. एक फोन करा, आणि विचारा, वाचता येतंय ना?