चावऱ्या पोराचा इलाज

हे लिहायचंच न्हाई असं ठरवल्तं. अंगद माझा लहानपणचा दोस्त. त्याच्या घरातलं चव्हाट्यावर कशाला आणायचं? पण शाळेची पोरं माझ्याच ऑटोनं जातात-येतात. बघितलं ते बघितलं.

घनसावंगीतल्या एका मॉन्टेसरीत साधना मॅडमचा वर्ग. त्यात अंगदचा मिथुन, चार वर्षांचा. हातातलं काही कोणी ओढलं की कचकन चावायचा. बाकीच्या पोरांच्या आया म्हणायच्या, "काढून टाका त्याला." साधना म्हणायची, पोरगं वाईट न्हाई, त्याला वेळेवर शब्द सापडत न्हाईत. ती रागवायची न्हाई. जवळ बसवायची, एका मगातलं पाणी दुसऱ्या मगात ओतायला द्यायची, आणि तेच ते शिकवायची, "चावायचं नाही. म्हणायचं, माझं आहे, मग देतो."

अंगदला बोलावून तिनं बजावल्तं, घरी हात लावू नका. तो छातीवर हात ठेवून म्हणला, "बिलकुल न्हाई मॅडम. माझी जबान हाये."

दहा दिवस मिथुन कोणालाच चावला न्हाई. अकराव्या दिवशी वर्गातल्या पलकच्या मनगटावर दात उमटले. साधनानं रोज घरी जाणाऱ्या वहीत जसं झालं तसं लिहिलं, 'आज चावला. शांतपणे समजावून सांगा.'

मंग दोन दिवस मिथुन आलाच न्हाई. तिसऱ्या दिवशी आला तो भिंतीला चिकटून. पाणी ओतताना अंगावर सांडलं, सदरा भिजला. साधना बदलायला गेली तर त्यानं दोन्ही मुठीत सदरा आवळला अन् तिलाच चावला. तिनं हात ओढून घेतला न्हाई. हळूच सदरा वर केला. बेंबीच्या दोन्ही बाजूला रुपयाएवढे फोड. एक फुटलेला.

"कोणी केलं, राजा?"

"आजीनं. उलथनं तापवून." मंग तिच्याकडं न बघता म्हणला, "तू वहीत लिवलं."

साधनानं दप्तरातली वही काढून बघितली. अक्षर तिचंच होतं. "चुकलं माझं," ती त्याला म्हणली. तो भिंतीकडंच बघत राह्यला.

निरोप गेला तसा अंगद आला, संगं त्याची आई झुंबरबाई. मी दारातच उभा होतो.

"डाग दिल्याबिगर चावायचं खूळ जात नस्तंय," झुंबरबाई म्हणली. "याच्या बापालाबी दिल्ता. मेला का?"

साधना अंगदकडं वळली. "तुम्ही तर जबान दिली होती."

"मी कुठं डाग दिला मॅडम? आईनं दिला. मी फक्त पाय धरले व्हते."

शाळेच्या संस्थेचे सरबी तिथंच होते, ते म्हणाले, "घरचा मामला आहे, मिटवा." साधनानं त्यांच्यासमोरच १०९८ ला, लेकरांच्या मदतीच्या नंबरावर, फोन लावला, अन् मिथुनला दवाखान्यात न्यायला उचलून माझ्या ऑटोत बसवलं.

अंगद ऑटोला आडवा आला. "तू तरी गप राह्य यार. तुझ्याबी पोटावर हायेच की डाग."

"हाये ना," मी म्हणलो. "माझ्या वेळी कोणी बोललं न्हाई. पहिला जबाब मीच देणार, अंगद, तुझ्याच विरोधात. अन् घरात तुझी धाकटी पोरगी रांगून राह्यली ना, तिला चटका लागू देणार न्हाई. दोस्त म्हणून सांगून राह्यलो."